खिडकीचे दोन आणि साहेबांचे सोळा

आमचे जावईबापू चहा करतात तेव्हा आधी माणसं मोजतात, मग कपाने पाणी मोजतात, आणि गाळून झाल्यावर भांड्यात थेंब उरत नाही. कोणी ऐनवेळी दारात उभं राहिलं तर स्वतःचा कप त्याच्यापुढे ठेवतात, पण दुसऱ्यांदा आधण ठेवत नाहीत. लग्नाआधी पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आले, तेव्हा माझ्या बायकोने वाढायला चमचा उचलला तर यांनी ताटावर हात आडवा धरला. म्हणाले, "एवढं लागणार नाही मला." बायको हिरमुसली. स्वयंपाकघरात मला म्हणाली, "मुलगा चिक्कू दिसतो." मी म्हटलं, "चिक्कू नाही गं. टाकणाऱ्यातला नाही, एवढंच." गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेला मी माणूस, पण माणसाची पारख माझी सहसा चुकत नाही. इथे मात्र थोडी चुकली होती. कुठे, ते ओघात येईलच.

जावईबापू एका मोठ्या दवाखान्यात सर्व्हर सांभाळतात. सर्व्हर म्हणजे जिथे पेशंटची नावं, रिपोर्ट, औषधं सगळं साठवलेलं असतं आणि प्रत्येक टेबलावरचा कॉम्प्युटर ज्याच्याकडून मागून घेतो, ते. एकदा मला दाखवायला घेऊन गेले. तळमजल्याखालची खोली, आत इतका गारठा की माझ्या अंगावर स्वेटर चढवावा लागला. मला वाटलं वीस-पंचवीस यंत्रं ओळीने मांडलेली असतील. बघतो तर एक लोखंडी कपाट घरघर करतंय आणि कोपऱ्यात दुसरं, जुनं, प्लास्टिक पांघरून गप्प पडलंय.

"बाकीचे सर्व्हर कुठे ठेवलेत?" मी विचारलं.

"याच्याच पोटात आहेत, बाबा. मशीन एक, पण त्यात वीस सर्व्हर राहतात. व्हर्च्युअल म्हणतात त्यांना. प्रत्येकाला वाटतं, आपलं घर स्वतंत्र आहे."

"एकत्र कुटुंबच की हे."

"तसंच. फक्त आपण एकत्र राहतो हे त्यांना माहीत नसतं."

"मग टिकेल हो हे कुटुंब," मी म्हटलं. जावईबापू हसले. ते वर्षातून तीन-चारदा हसतात, त्यातलं एक हे.

त्या मशीनमध्ये काम करणारे हात म्हणजे प्रोसेसर. हात ठरावीक असतात, ते या वीस घरांत वाटून द्यायचे. कुणाला किती, हे ठरवणं हीच जावईबापूंची नोकरी. ऐकायला केवढी शांत वाटते. पण त्या दवाखान्यात काय चालायचं ते ऐका. क्ष-किरणवाल्या डॉक्टरांनी आठ प्रोसेसर मागितले. कशाला, विचारलं, तर म्हणे रक्त तपासणीवाल्यांना आठ दिलेत ना. औषध दुकानाच्या प्रमुखाला बढती मिळाली, त्याने त्याच आठवड्यात आणखी चार मागितले. बढतीचा आणि औषधाच्या गोळ्यांचा संबंध काय, हे विचारायची सोय नाही. केबिनला गालिचा मागावा तसे लोक प्रोसेसर मागत होते, आणि एकदा दिलेला प्रोसेसर कुणी परत केल्याचं त्या इमारतीत कुणाला आठवत नव्हतं.

यावर जावईबापूंनी आपला तोडगा काढला. जो जितके मागेल त्याच्या निम्मे द्यायचे. तोंडातून शब्द काढायचा नाही, वाद घालायचा नाही, निम्मे. हळूहळू सगळ्यांना ते कळलं आणि सगळे दुप्पट मागायला लागले. दोन्ही बाजूंना ठाऊक, दोन्ही बाजूंना मान्य. भाजीबाजारात चालावा तसा सौदा मोठमोठ्या पदव्या लावलेल्या माणसांत चालला होता, आणि जावईबापूंचं नाव पडलं होतं 'कात्री'.

मागच्या वर्षी माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. लेक म्हणाली, "बाबा, इकडेच या, यांच्या दवाखान्यात करून घेऊ." आलो. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नाव नोंदवायला एकटाच रांगेत उभा राहिलो. जावईबापूंची ओळख सांगून पुढे घुसायचं मला जमत नाही, आणि खरं सांगायचं तर रांगेत चार माणसांशी बोलायला मिळतं.

नोंदणीच्या चार खिडक्या. पहिल्या खिडकीत त्या विभागाच्या प्रमुख बाई स्वतः बसायच्या. पन्नाशीच्या, चष्म्याला दोरी, खुर्चीत पाठीमागे उशी. येणाऱ्या प्रत्येकाकडे मान वर करून बघणार, मग नाव विचारणार. हात झरझर चालायचे. पण बटण दाबलं की पडद्यावर एक चक्र यायचं आणि फिरत राहायचं. बाई हात मांडीवर घेऊन त्याच्याकडे बघत बसायच्या. चारी खिडक्यांत तेच. चार बायका, चार चक्रं आणि बाहेर दारापर्यंत गेलेली रांग.

माझ्या पुढचा गृहस्थ इस्त्रीचे कपडे घातलेला. तो म्हणाला, "काय बाई, झोप पुरी झाली का?"

"चक्र थांबलं की देते लगेच."

"चक्र थांबेल हो. तुम्ही कधी सुरू होताय?"

मागून एक बाई म्हणाली, "मावशी, जमत नसेल तर घरी बसा. आमची माणसं आजारी आहेत." रांगेत हशा पिकला. आजारी माणसांची रांग, पण दुसऱ्याचा पाणउतारा म्हटला की कुणालाही तरतरी येते.

माझा नंबर आला तेवढ्यात आतून गळ्यात पट्टा अडकवलेला एक तरुण आला. वरच्या मोठ्या साहेबांकडचा निरोप्या. मोठे साहेब म्हणजे अख्खा दवाखाना चालवणारे. त्याने आवाज खाली करण्याचीसुद्धा तसदी घेतली नाही. "बाई, सोमवारपासून तुम्ही खाली, जुन्या फायलींच्या खोलीत. साहेबांच्या पडद्यावर तुमचा विभाग रोज लाल दिसतोय. इथे कुणीतरी चपळ बसवणार आहेत."

बाईंनी पुढचा कागद ओढला. "बरं," म्हणाल्या. मग माझ्याकडे मान वर करून, "आजोबा, जन्मतारीख सांगा."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. जन्मतारीख चुकीची सांगितली मी, ती त्यांनीच जुन्या कागदावरून दुरुस्त केली.

घरी आल्यावर जेवताना मी सुरू झालो तो थांबेना. कसला दवाखाना, कसले ते साहेब, एका सरळ बाईची चार लोकांत केवढी अब्रू काढली. लेक म्हणाली, "बाबा, आधी घास गिळा." जावईबापू मात्र जेवायचे थांबले होते. भिंतीकडे बघत म्हणाले, "त्या बाई हळू नाहीत. त्यांचा सर्व्हर हळू आहे."

"मग द्या की त्याला प्रोसेसर. तुमच्याच हातात आहेत ना?"

"दोन दिलेत."

"आणि त्यांनी मागितले किती?"

जावईबापू ताटाच्या कडेचं एकेक शीत वेचायला लागले. लेकीने ताटावरून मान वर केली. तिला नवऱ्याच्या गप्प बसण्याचे प्रकार ओळखू येतात. "किती मागितले होते त्यांनी?"

"चार," जावईबापू म्हणाले. "सगळे दुप्पट मागतात. मला वाटलं, यांनाही दोनच लागत असतील."

"विचारलंत का त्यांना?"

"सगळेच दुप्पट मागतात गं."

"मी सगळ्यांचं नाही विचारलं."

नंतर हळूहळू बाहेर आलं ते असं. बाई त्या जागेवर नव्या होत्या. त्यांना त्या इमारतीतला सौदा माहीत नव्हता. त्यांनी प्रोग्राम बनवणाऱ्या माणसाला शेजारी बसवून घेतलं, सकाळी चारी खिडक्या एकदम उघडल्या की किती लागतात ते बघितलं, आणि जितके लागतात तितकेच मागितले. अख्ख्या दवाखान्यात एका माणसाने खरा आकडा सांगितला, आणि त्याच आकड्यावर आमच्या जावईबापूंनी डोळे मिटून कात्री चालवली. खोटं बोलणाऱ्यांना पोटभर आणि खरं बोलणारीला निम्मं. मी जावयाला आजवर अरे-तुरे केलेलं नाही, त्या दिवशीही केलं नाही, पण ताटावरून उठलो आणि हात धुवायला बाहेर गेलो तो बराच वेळ बाहेरच राहिलो.

परत आलो तेव्हा ते दोघं तिथेच बसलेले. मी म्हटलं, "झालं ते झालं. उद्या देऊन टाका चार."

"इथेच घोडं पेंड खातंय, बाबा. वाटपच इतकं झालंय की आणखी दोन दिले तर तेही नुसते ताटकळतील. कुणाचे तरी कमी करायला हवेत. आणि सगळ्यात जास्त आहेत मोठ्या साहेबांकडे. सोळा."

"सोळा? साहेब करतात काय त्यांचं?"

जावईबापूंनी सांगितलं आणि मला आधी खरंच वाटेना. साहेबांच्या केबिनमध्ये भिंतीवर एक मोठा पडदा आहे. कुठल्या विभागात माणसं किती वेळ खोळंबली आहेत, याची रंगीत चित्रं त्यावर दिसतात. म्हणजे खिडकीला दोन प्रोसेसर, आणि ती खिडकी किती हळू आहे हे दाखवायला सोळा.

"आणि तेही नीट चालत नाही," जावईबापू म्हणाले. "साहेब म्हणतात चोवीस द्या. त्यांना पटत नाही की जास्त आहेत म्हणूनच ते अडतंय. थोडं सोपं करून सांगतो. ज्या सर्व्हरच्या नावावर सोळा, त्याला हलायचं तर पुष्कळ हात एकदम मोकळे मिळावे लागतात. ते मिळेपर्यंत तो ताटकळतो, आणि मिळाले की बाकीच्यांना ताटकळवतो."

मला लगेच माझ्या थोरल्या मेव्हण्याचं वऱ्हाड आठवलं. सोळा माणसं, आणि मेव्हण्याचा हट्ट की बसू तर सगळे एकाच बसमध्ये. पहिली बस आली, चार जागा रिकाम्या. सोडली. दुसरी आली, सात जागा. सोडली. आमच्या मागून आलेलं एक नवरा-बायकोचं जोडपं पहिल्याच बसने गेलं आणि लग्नघरी पोचून जेवून आडवं झालं. आम्ही पोचलो तेव्हा नवरा-नवरी एकमेकांवर रुसून बसलेले. मी हे सांगितलं तर जावईबापू म्हणाले, "अगदी हेच. फक्त मेव्हण्यांना आता चोवीस माणसं न्यायची आहेत."

ऑपरेशन चांगलं झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली, काळा चष्मा चढवला, आणि जावईबापू मला घरी न्यायला आले तेवढ्यात वरून बोलावणं आलं. मला एकट्याला कुठे सोडणार, म्हणून हाताला धरून केबिनमध्ये नेलं. साहेब माणूस तसा गोड. "बसा आजोबा, बसा," म्हणाले. मग जावयाकडे वळून, "माझ्या चोवीसचं काय झालं?"

जावईबापू उभेच होते. "साहेब, त्याआधी एक सांगायचंय. नोंदणीच्या बाई हळू नाहीत. त्यांनी चार प्रोसेसर मागितले होते, मी दोन दिले. चूक माझी आहे. त्यांना सोमवारी हलवू नका."

"दोन का दिलेत?"

"सगळे दुप्पट मागतात, म्हणून मी निम्मे देतो."

साहेब हसले. "असं आहे होय. पण मला तर सोळा मागितले ते सोळा मिळाले."

"तुम्ही बत्तीस मागितले होते, साहेब."

साहेबांनी पेन उचलून परत ठेवलं. "ठीक आहे. द्या तिला चार."

"तुमच्यातले काढावे लागतील. तुमच्या कामाला चार पुरतात. उलट चित्रं लवकर उघडतील."

"माझे चार?" साहेबांचा गोडवा तिथे संपला. "रक्त तपासणीवाल्याला आठ, आणि मला चार? लोक काय म्हणतील?"

मला राहवलं नाही. "साहेब, ते लोकांना दिसतात कुठे?"

"दिसत नाहीत, आजोबा. पण कळतात." आणि जावयाला म्हणाले, "मला हे तांत्रिक काही सांगू नका. तो विभाग लाल आहे, ही वस्तुस्थिती आहे. बघा ना, आत्ता दाखवतो."

त्यांनी बटण दाबलं. भिंतीवरच्या पडद्यावर चक्र आलं. फिरायला लागलं. साहेब पडद्याकडे बघतायत, जावईबापू पायांकडे बघतायत, मी एका नव्या डोळ्याने दोघांकडे बघतोय. चक्र आपलं फिरतंय. साहेबांनी पुन्हा बटण दाबलं, तर ते पहिल्यापासून फिरायला लागलं.

मी म्हटलं, "साहेब, खाली खिडकीत हेच चक्र फिरतं. तिथे लोक बाईला म्हणतात, झोप झाली का."

साहेबांनी खुर्ची मागे घेतली. मग ते म्हणाले, "सोळा कमी होणार नाहीत. बाकी काय करायचं ते तुम्ही बघा."

जावईबापूंनी एक श्वास घेतला. "साहेब, तुम्हाला वेगळं मशीन दिलं तर? खाली एक पडून आहे. पूर्ण तुमचं, कुणाचा वाटा नाही. सोळाच्या सोळा."

साहेबांचा चेहरा असा उजळला की मला काळ्या चष्म्यातून दिसलं. "स्वतंत्र?"

"एकट्याचं. पण जुनं आहे, साहेब. आत्तापेक्षाही हळू चालेल."

"जुनी मशिनं मजबूत असतात हो. हे आधी का नाही सुचलं तुम्हाला?"

"आणि बाईंचं?"

"सोमवारी लाल गेलं तर राहतील. नाही गेलं तर खाली."

जिना उतरताना मी विचारलं, "जुनं म्हणजे किती जुनं?"

"तुमच्यासारखे सोळा म्हातारे कामाला लावावेत, बाबा, तितकं."

हे त्यांनी हसून नाही सांगितलं, पण मी त्यांच्या वतीने हसलो.

रविवारी जावईबापू कामावर गेले. प्लास्टिक काढलं, धूळ पुसली, साहेबांचं बिऱ्हाड तिकडे हलवलं आणि मोकळ्या झालेल्या हातांतले दोन बाईंच्या सर्व्हरला जोडले. सोमवारी मी डोळा दाखवायच्या निमित्ताने सकाळी सकाळी नोंदणीपाशी जाऊन बाकावर बसलो. डॉक्टरांची वेळ दुपारची होती, पण मला घरी बसवेना. बाई आल्या. खुर्चीवरची उशी त्यांनी पिशवीत भरली होती, न्यायच्या तयारीने. चारी खिडक्या उघडल्या. पहिल्या पेशंटचं नाव घातलं, बटण दाबलं, आणि कागद बाहेर. बाईंनी हात मांडीवर नेले होते ते तसेच परत आणले. दुसरा. तिसरा. चौथ्या पेशंटला त्यांनी पिशवीतून उशी काढून पाठीमागे ठेवली.

रांग दारापासून आत आली, मग मधोमध आली, मग रांग म्हणण्यासारखं काही उरलं नाही. तो इस्त्रीचे कपडेवाला गृहस्थ पुन्हा आला होता. त्याचं काम उभ्याउभ्या झालं. मला वाटलं, आता तरी एक शब्द बोलेल. कागद उचलला आणि चालता झाला. तोंडसुख घ्यायला वेळ असतो लोकांना, बाकी कशाला नसतो. आणि साहेबांचं तर ऐकूच नका. दुपारी त्यांनी सगळ्या प्रमुखांना सांगितलं की नोंदणी विभाग लालचा हिरवा झाला, जरा धाक दाखवला की माणसं कामाला लागतात. हे मला जावयाने सांगितलं तेव्हा औषधाचा थेंब डोळ्याऐवजी माझ्या कानात गेला.

साहेबांची चित्रं आता आधीपेक्षा हळू उघडतात. पाहुणे आले की ते बटण दाबतात आणि चक्र फिरत असताना सांगतात, की हे माझं स्वतंत्र मशीन आहे, सोळा प्रोसेसरचं. ते सांगून होईपर्यंत चित्र येतं. तसे दोघं एकमेकांना अगदी शोभतात.

इथे संपवता आलं असतं, पण माझा खरा राग यापुढचा आहे.

यंदा दुसऱ्या डोळ्यासाठी मी पुन्हा आलोय. नव्या वाटपाचे दिवस होते. एका संध्याकाळी जावईबापू घरी आले ते गप्प. गप्पच असतात, पण हे वेगळं. लेकीने विचारलं तर म्हणाले, "नोंदणीच्या बाईंची मागणी आली. आठ."

"खिडक्या वाढल्या का?" मी विचारलं.

"नाही. चारच आहेत."

आम्ही तिघंही समजलो. वर्षभरात त्या बाईंना त्या इमारतीची रीत कळली होती. कुणी मुद्दाम शिकवली नव्हती. आपण शिकवली, आमच्या जावयाने. रांगेतल्या लोकांनी केला तो पाणउतारा होता, तो विसरता येतो. पण एका सरळ माणसाला आपला आकडा फुगवायला लावणं, हे मला कुणी सांगावं कशात बसतं.

दुसऱ्या दिवशी मला तपासायला नेलं तेव्हा जावईबापू आधी मला घेऊन खिडकीपाशी गेले. गर्दी नव्हती. बाईंनी मला ओळखलं. "आजोबा, आता डावा का?"

"डावा," मी म्हटलं.

जावईबापू म्हणाले, "बाई, आठ लागतात?"

"चार लागतात," बाई शांतपणे म्हणाल्या. "पण तुम्ही निम्मे करता ना."

"मागच्या वेळी मी चुकलो. तुम्ही खरं सांगितलं होतं."

"हो."

"आता नाही करणार निम्मे. लागतात तेवढेच सांगा."

बाईंनी चष्मा काढला, दोरीवर सोडला. जावयाकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझ्याकडे कशाला बघितलं कोण जाणे, मी काही जामीन नव्हतो. पण मी मान हलवली.

"पाच," त्या म्हणाल्या.

चार लागतात हे त्यांनीच आत्ता सांगितलं होतं. जावयालाही ठाऊक, मलाही. मी श्वास रोखून बघत होतो, कारण या माणसाने उभ्या जन्मात एक थेंब चहा जास्त टाकलेला नाही.

"पाच," जावईबापू म्हणाले, आणि तिथल्या तिथे फोनवरून आपल्या हाताखालच्या माणसाला सांगितलं. निम्मे नाही, साडेचार नाही, पाच.

तो पाचवा प्रोसेसर वर्षभर रिकामा बसणार आहे. जावईबापू सांगतात, मशीनला तो काही फारसा जड नाही. पण कधी बोलण्यात त्याचा विषय निघाला की त्यांचा हात अजून नकळत ताटावर आडवा धरल्यासारखा होतो, आणि मग ते तो मागे घेतात. पुढल्या वर्षी माझा कुठला डोळा उरलेला नाही, पण वाटपाच्या दिवसांत मी येऊन राहणार आहे. बाई किती मागतात, ते मला बघायचंय.